थेंबातल्या सातजणी

१६ जानेवारी २००४, शुक्रवार

सगळ्यात आधी आली ती ठेंगणी, पानाने तोंड रंगलेली. तिच्यामागे एक उंच, मग एक अंगाने भरलेली, चौथीची मान एका अंगाला कललेली, आणि त्यांच्या मागे तिघी, ज्यांनी शेवटपर्यंत वर पाहिलं नाही. अशा सात. मी अजून पिशवीतून तिळाच्या वड्यासुद्धा काढल्या नव्हत्या आणि या हळदीकुंकवाचा करंडा घेऊन दारात हजर. पुण्याचे लोक माणूसघाणे असतात असं मेहकरला सगळे सांगत होते. खोटं आहे बाप्पा. आमच्या गावात तरी इतक्या लवकर कोण येतं.

आज किंक्रांत. किंक्रांतीला आमच्याकडे कोणी हळदीकुंकू करत नाही, कोणाच्या घरीही जात नाही. मी मनात म्हटलं, इथे पाळत नसतील. शहर आहे.

सगळं नीट लिहिते, नाहीतर मागचं पुढे होतं. सकाळी बद्रीने मला एस.टी. स्टँडवरून आणलं आणि घरात सोडून लगेच कंपनीत पळाला. माझा बद्रीनाथ कम्प्युटरवाला आहे, हिंजवडीला जातो. घर धायरीला, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. ती मध्येच हुंदका दिल्यासारखी थांबते. सून श्रद्धा दूध आणायला खाली गेली होती. घरात मी आणि नात. अपेक्षा चौथीत आहे आणि मीही चौथी शिकलेली, म्हणून ती सांगत सुटली आहे की आजी माझ्याच वर्गात आहे. ही रोजनिशी तिनेच दिली, बद्रीच्या कंपनीची आहे. तिने बजावलं आहे, रोज लिहायचं, मी तपासणार. तपास बाई.

तर त्या बाया. मी तोंड उघडायच्या आत ठेंगणीने माझ्या कपाळाला बोट लावलं. अपेक्षाचे आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत कोणी मला कुंकू लावलं नव्हतं. सांगायला पाहिजे होतं, पण नाही सांगितलं. खरं लिहिते, बरं वाटलं. बोट इतकं गार होतं की कपाळ शहारलं.

त्यांनी पाणी मागितलं. एकेकीने तीन तीन तांबे उभ्यानेच रिचवले. पदर, निऱ्या सगळं ओलं. धुणं टाकून आल्या असतील. अपेक्षाच्या गालावरून सगळ्यांनी हात फिरवला. मग ठेंगणी म्हणाली, ‘‘वाण काय देता?’’

संक्रांतीचं हळदीकुंकू म्हटलं की वाण आलंच, आलेल्या बाईला रिकाम्या हाती पाठवत नाहीत. पण मी आत्ता एस.टी.तून उतरलेली. मी म्हटलं, ‘‘माझ्याकडे कुठलं वाण बायांनो? ही नात सकाळपासून माझं डोकं खाते आहे, हिलाच लुटा.’’

सगळ्या हसल्या. मान कललेली सगळ्यात जास्त. ठेंगणी म्हणाली, ‘‘आज नको. रथसप्तमीला येऊन नेऊ.’’

श्रद्धा आली तोवर त्या गेल्या होत्या. मी कुंकू पुसलं आणि फरशीही पुसली. शेजारणी आल्या होत्या इतकंच सांगितलं. ती म्हणाली, बी विंगच्या असतील.

१७ जानेवारी, शनिवार

आज मी जे पाहिलं ते माझ्या बापाने, आज्याने कोणी पाहिलं नसेल.

अपेक्षाकडे हातभर लांबीची काचेची पेटी आहे. तिच्यात दोन मासे होते, ते बोअरच्या पाण्याने मेले. श्रद्धा पेटी फेकायला निघाली होती, पण पोर हटून बसली की पाणी मेलेलं नाही, त्यात अजून लाखो जण राहतात. बद्री अमेरिकेला कामाला गेला तेव्हा तिच्यासाठी भिंगाचं यंत्र घेऊन आला. मायक्रोस्कोप म्हणतात. खाली आरसा, मध्ये काचपट्टी, वरून एका डोळ्याने पाहायचं. मला आधी नुसत्या माझ्याच पापण्या दिसल्या. पोर ओरडली, आजी, दुसरा डोळा मिटू नको. मग एकदम दिसलं.

काय सांगू. एका थेंबात आठवडी बाजार. चपलेच्या तळव्यासारखे काही होते, ते सगळ्यांच्या अंगावर आपटत धावत होते. काहींच्या तोंडाशी रहाट फिरत होता, आणि त्या रहाटात पाणी ओढून त्यातलं बारीकसारीक गिळत होते. काही घंटेसारखे, देठावर उभे. जरा टेबल हललं की देठ स्प्रिंगसारखा आखडायचा आणि घंटा खाली. मग परत हळूच वर, कोणी बघत नाही ना असं. मी इतकी हसले की श्रद्धा स्वयंपाकघरातून बघायला आली. म्हणाली, आई, तुम्हाला टीव्ही लावून देऊ का. टीव्ही कसला लावतेस. इथे बघ, हा लठ्ठ्या त्या बारक्याला अख्खा गिळतो आहे आणि बारका आतून अजून हलतो आहे. तिने नाही पाहिलं.

अपेक्षाला शाळेत वही करायची आहे, रोज काय दिसलं त्याचं चित्र आणि माहिती. चित्रं ती काढणार, नावं मी ठेवणार असं ठरलं. जोडा, रहाटवाला, घंटाबाई. तिच्या पुस्तकातली इंग्रजी नावं फार लांब आहेत.

आणखी एक. या घरात तुळस नाही. देवांना आंघोळ घातलेलं पाणी मोरीत कसं ओतायचं? पाप आहे. मी ते त्या पेटीत ओतलं. नैवेद्याची चार शितंही टाकली. लाखो जण राहतात म्हणते ना पोर, त्यांनाही मिळू दे.

१९ जानेवारी, सोमवार

काल, आज दोन्ही दिवस देवाचं पाणी आणि भाताची शितं. पाणी कसं घट्ट झालं आहे, पेजेसारखं, आणि भिंगातून बघावं तर गर्दी चौपट. अपेक्षा म्हणते, आजी, तुझा भात खाऊन सगळ्यांना बाळं झाली. तिचे सर वहीवर ‘उत्तम’ लिहून देणार बघा.

आज एक नवीन दिसलं. घंटाबाईच, पण देठ नसलेल्या, उंच, डोक्यावर घागर घेतल्यासारख्या. ओळीने उभ्या. बाकी सगळे त्यांच्यापासून लांब, जोडेसुद्धा त्यांच्यावर आपटत नव्हते, वळसा घालून जात होते. मोजल्या तर सात. दुसरा थेंब घेतला पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून. त्यातही सात. ओळीने. तळाचा थेंब घेतला. सात. अपेक्षा खूश, टाळ्या वाजवते. मलाही गंमत वाटली.

मग मी चौथीकडे पाहिलं. तिची मान एका अंगाला कललेली होती.

हे मी कोणाला बोलले नाही. सोळा तारखेचं पान उलटून पुन्हा वाचलं. मी लिहिलं ते मीच लिहिलं ना?

२० जानेवारी, मंगळवार

आज खालच्या मजल्यावरच्या सोजरबाई आल्या. मूळच्या धायरीच्या, ही इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे. म्हातारीला वावराच्या बदल्यात दोन फ्लॅट मिळाले आणि एकटीला त्यात करमत नाही. मेथीची जुडी घेऊन आल्या. बोलता बोलता मी विचारलं की बी विंगच्या सातजणी मोठ्या गोड आहेत, पण पुन्हा दिसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, बी विंग अजून बांधायची हाय. नुसता खड्डा हाय तिथं.

मी त्यांना एकेकीचं वर्णन केलं. ठेंगणी, उंच, भरलेली, वाकड्या मानेची, मागच्या तिघी. सोजरबाईंनी हातातली मेथीची काडी खाली ठेवली. त्यांनी सांगितलं ते लिहिते, त्यांच्याच शब्दांत जमेल तसं.

जिथे आता बोअर आहे तिथे त्यांची विहीर होती. काठावर सात दगड, शेंदूर लावलेले. साती आसरा. आमच्याकडेही असतात, पाण्याच्या बाया. पाणी त्यांचं, आपण फक्त मागून घ्यायचं. सोजरबाईंची सासू दर सणाला त्यांची ओटी भरायची, भात ठेवायची. चौथा दगड नांगर लागून मानेत तडकला होता, तरी तसाच पुजत होते. मग सोजरबाईंच्या मुलाने, सर्जेरावाने, जमीन बिल्डरला दिली आणि विहीर बुजवली. सोजरबाई आडव्या पडल्या की आधी आसरांना दुसरी जागा द्या, वाजतगाजत न्या. सर्जेराव म्हणाला, टिपर उभा आहे. सातही दगड राडारोड्याबरोबर विहिरीत गेले. वरून मुरूम, वरून सिमेंट. आणि त्याच विहिरीच्या पोटात नळी घालून सगळ्या इमारतीला पाणी.

तेव्हापासून उपाशी होत्या. मी त्यांना जेवू घातलं. देवाचं पाणी, भात.

मग मी वाणाचं सांगितलं. सोजरबाईंनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘मागल्या रथसप्तमीला वॉचमनची पोर खालच्या टाकीत घावली. झाकण बंद हुतं. तिची आय येड्यावानी एकच बोलायची. म्या गमतीनं म्हनलं हुतं, म्या गमतीनं म्हनलं हुतं.’’

पेन दाबून लिहिते आहे म्हणून अक्षर असं आलं आहे. भीतीने नाही. रागाने.

२१ जानेवारी, बुधवार

सर्जेरावाकडे गेले. सोसायटीचा चेअरमन आहे आता. सोन्याचं कडं, दोन मोबाईल. मला खुर्ची दिली, चहा मागवला, आजी आजी केलं. मी सरळ विचारलं, पाण्याच्या बाया सिमेंटखाली घातल्यास, मग झोप कशी येते रे तुला? तो हसला. म्हणाला, आपल्याकडे पाण्याचा रिपोर्ट आहे आजी, शंभर टक्के पिण्यायोग्य, फोटोकॉपी पाठवू का. म्हटलं, वॉचमनच्या पोरीचा रिपोर्ट आहे का? तर हसू मावळलं. म्हणाला, ती झाकणावर खेळत होती. बंद झाकणातून आत पडली, असं तो चहा ढवळत ढवळत म्हणाला.

मी सांगितलं, जेसीबी आण, सिमेंट फोड, दगड काढ, रथसप्तमीच्या आत. त्यावर पार्किंगचं टायलिंग झालं आहे म्हणे.

टायलिंग. एका पोरीपेक्षा टायलिंग. मी चहा पिले नाही, त्याच्या पायरीवर ओतून आले. तळपट होवो मेल्याचं.

रात्री बद्रीला सांगितलं. तो आठ तास कुठल्याशा अमेरिकेच्या साहेबाशी फोनवर बोलून आलेला, डोळे लाल. म्हणाला, आई, ते एकपेशी जीव आहेत, त्यांना मान नसते. श्रद्धा म्हणाली, अपेक्षाच्या डोक्यात काही भरवू नका. मी तुझ्या डोक्यात भरवते आहे बाई, पण जागा कुठे आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

अपेक्षाची बोटं. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी सुरकुतलेली. सकाळी पाहिली तेव्हा वाटलं आंघोळ केली असेल. संध्याकाळी तशीच. टॉवेलने पुसली, तव्यावर शेकली, तशीच. केसांची मुळं ओली. उशी ओली.

श्रद्धाने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलम दिलं.

पोर फिल्टरचं पाणी पीत नाही. वास येतो म्हणते. पेटीत वाटी बुडवताना मी तिला धरलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच परकी.

२३ जानेवारी, शुक्रवार

शेवटी बद्रीचंही डोकं फिरलं. पेटी उचलली आणि सगळं पाणी संडासात ओतलं. बरं केलंस, मी म्हटलं, आणि तोंडातून शब्द निघतो न निघतो तोच बाहेर अपेक्षा जमिनीवर पडली. तोंड उघडं, छाती वरखाली. बाजारात टोपलीतला मासा करतो ना, तसं. ओठ निळे. श्रद्धा किंचाळते आहे, बद्री गाडीची किल्ली शोधतो आहे. मी सरळ नळ सोडला, पेटी बोअरच्या पाण्याने भरली, तिचे दोन्ही हात आत बुडवले. श्वास आला.

बद्री पांढराफटक. आता सांग, मी म्हटलं, आता सांग एकपेशी. पण तो रडायला लागला, मग मी त्याची पाठ थोपटली. शेवटी माझंच पोर आहे.

भिंगातून पाहिलं. नवं, साधं नळाचं पाणी. एकही जोडा नाही, एकही रहाट नाही. फक्त त्या. सात. आणि आता ओळ पूर्वीसारखी नाही. चौथी आणि पाचवीच्या मध्ये सरकून जागा केली आहे. एकीची.

२४ जानेवारी, शनिवार

मी त्यांच्याशी भांडले. भिंगाला तोंड लावून भांडले, कोणी वेडी म्हणो. म्हटलं, तुमच्यावर सिमेंट ओतलं ते सर्जेरावाने. टिपर त्याचा, सही त्याची, रिपोर्ट त्याचा. त्याच्या घरी जा. वॉचमनची पोर काय म्हणून? माझी काय म्हणून? मोठ्यांसमोर शेपूट घालता आणि गरिबाच्या, भोळीच्या दारात हळदीकुंकू घेऊन येता? देव म्हणवता?

त्या सगळ्या एकदम वळल्या. वर, भिंगाकडे. माझ्या डोळ्याकडे.

आता त्या भिंगाशिवायही दिसतात. पेटीच्या काचेला चिकटलेल्या, मोहरीएवढ्या.

२५ जानेवारी, रविवार

सोजरबाई आणि मी बोललो. दिलेलं वाण परत घेता येत नाही. पण बदलून देता येतं का? त्या म्हणाल्या, त्यांच्या सासूने एकदा केलं होतं, चांगलं वाण दिलं तर आसरा मानतात. ठरवलं – नदीवरून सात गोटे. सात हिरवे खण, सात चुडे, सात सुपं, सात नारळ. सोजरबाईंच्या गावातल्या जुन्या घराच्या परसात लिंबाखाली जागा. मी दारात बसायचं. आल्या की ओट्या भरायच्या, आपल्या तोंडाने सांगायचं, हे तुमचं वाण, ही तुमची जागा, पोर माझी.

आणि तोवर अपेक्षाला इथून हलवायचं. या पाण्यापासून लांब.

श्रद्धाचं माहेर सदाशिव पेठेत. तिच्या आई, गोदाबाई. तिथे बोअर नाही. रथसप्तमीला त्यांच्याकडे मोठं हळदीकुंकू असतं, घर माणसांनी भरलेलं. भरल्या घरात पोर सुरक्षित. मीच सुचवलं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला शाळेत नेली नाही. हात पेटीत. मोहरीच्या आता ज्वारी झाल्या आहेत. अपेक्षा त्यांना नावाने हाक मारते. मी ठेवलेली नावं नाहीत.

वहीत आज आठ काढल्या. आठवीला दोन वेण्या.

मी पान फाडलं. ती हसली. कललेलीसारखी –

२७ जानेवारी, मंगळवार

गेली. श्रद्धा रिक्षाने घेऊन गेली. मला वाटलं पेटी सोडताना पुन्हा तसं होईल, म्हणून मी बाजूला तांब्या धरून उभी. काही झालं नाही. शहाण्यासारखी निघाली, शाळेची वॉटरबॅग गळ्यात अडकवून. मला टाटा केला. मला वाटलं, सुटली. देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी फोन. बोटं अजून तशीच, पण जेवली, खेळते आहे.

सर्जेराव जिन्यात भेटला. म्हणाला, आजी, उद्याची पूजा खाली पार्किंगमध्ये नको, टाइल्सवर डाग पडतात. मी त्याच्या पायाशी थुंकले. तो डाग पूस.

२८ जानेवारी, बुधवार. रथसप्तमी.

सकाळ. सुपं मांडली. खण, चुडे, नारळ. दार सताड उघडं. बद्रीला कामावर पाठवलं, बाईमाणसांचं काम आहे. सोजरबाई गोटे आणायला नदीवर गेल्या.

अकरा वाजले. कोणी नाही. या ना. आता का नाही येत? तोंड आहे ना?

बारा. कोणी नाही.

एक. पेटीकडे लक्ष गेलं – काचेला काही नाही. एकही ज्वारी नाही. थेंब घेतला. भिंगातून पाहिलं. रिकामा. दुसरा. रिकामा. तळाचा – रिकामा. पाणी नुसतं पाणी. बरं झालं म्हणू की काय म्हणू –

पाणी चार बोटं कमी आहे. काल काठोकाठ होतं. कोणी ओतलं नाही, कोणी सांडलं नाही. मग –

वॉटरबॅग.

वॉटरबॅग भरून नेली पोरीने. आणि मी हात हलवत उभी होते. साखर ठेवत होते.

सदाशिव पेठेत फोन लावला. मागे बायांचा गलका. रथसप्तमीचं हळदीकुंकू, दार उघडं, येईल तिला आत. मीच म्हटलं होतं, भरल्या घरात. श्रद्धा स्वयंपाकघरात होती. फोन गोदाबाईंनी घेतला. मी म्हटलं, दार लावा, पोरीला जवळ घ्या. त्या म्हणाल्या, ‘‘अहो विहीणबाई, इतक्या घाबरता कशाला? तुमच्या धायरीच्या मैत्रिणी आल्यात, सात जणी. पदर अगदी ओले बिचाऱ्यांचे. वाण राहिलंय म्हणाल्या, तर अपेक्षाच गेलीय द्यायला.’’

मी ओरडले. तिकडे काहीतरी पडलं. श्रद्धाचा आवाज, अपू, अपू. फोन बंद.

बद्री, हे वाच. रोजनिशी दारासमोर ठेवते. मी रिक्षाने निघाले, तू थेट तिकडे ये. शब्द मी दिला, तेव्हा देणं माझं आहे. कुंकू त्यांनी माझ्या कपाळाला लावलं. मला नेतील. न्यावंच लागेल. नाहीतर एकेकीची मान –

दाराची घंटा.

दार तर उघडं होतं. कोणी लावलं?

‘‘आजी, दार उघड ना. आम्ही सगळ्या आलो.’’

अपेक्षा आहे. तिचाच आवाज. फोन ठेवून पाच मिनिटं नाही झाली, सदाशिव पेठ किती लांब –

दाराखालून पाणी येतं आहे. सुपं भिजली. पान भिजतं आहे, शाई –

दाराला ते काचेचं भोक आहे, त्यातून पाहिलं. पलीकडून एक डोळा. माझ्याकडे बघतो आहे, मी थेंबाकडे बघत होते तसा. दुसरा न मिटता –

उघडते. घाबरत नाही मी तुम्हाला. माझी पोर आधी आत द्या, मग मी –